सूर्याचं एक बोट

एका गावात एक हौद होता, आणि त्या हौदाला माणसांपेक्षा जास्त तहान लागते असं सगळ्यांना सांगितलेलं होतं.

गाव डोंगराच्या पायथ्याला होतं. राजवाडा माथ्यावर. मध्ये तीनशे बारा पायऱ्या. राजवाड्याच्या अंगणात राजांचा पोहण्याचा हौद होता. चोवीस हात लांब, वीस हात रुंद, तळाला निळी फरशी. राजे रोज सकाळी त्यात पोहायचे. थंडी असो की ऊन, चुकायचे नाहीत. याखेरीज दुसरं काही नेमानं करताना त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं.

हौदाच्या पहिल्या पायरीवर एक दगड बसवलेला होता. त्यावर कोरलं होतं: ‘सूर्य रोज एक बोट पाणी पितो. ते गावानं भरून द्यावं.’

म्हणून गाव भरून देत होतं. गावात मूळची एकशे साठ घरं आणि एकच विहीर. प्रत्येक घराची रोज एक घागर डोंगरावर जायची. पहिली घागर हौदाची, दुसरी घरची, असा नियम. महिन्यात तीनदा ज्या घराची घागर चुकेल त्या घराचा विहिरीवरचा दोर कापला जायचा. दोर गेला की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की ते घर सामान बांधून गाव सोडायचं. अशी अकरा घरं गेली होती. त्यांच्या वाट्याच्या घागरी उरलेल्यांवर पडल्या होत्या.

या सगळ्याची सुरुवात रोज एका आरोळीनं व्हायची. हौदाचा एक मापारी होता. त्यानं उजाडताना हौदात काठी बुडवायची, वर काढायची आणि गावाकडे तोंड करून ओरडायचं, “एक बोट!” ती आरोळी ऐकली की खाली विहिरीत दोर सुटायचे.

मापाऱ्याचं काम दौलूच्या घराकडे तीन पिढ्या होतं. दौलूच्या डोळ्यांवर पडदा आला तेव्हा काठी त्याच्या मुलीच्या हातात आली. तिचं नाव भिवरा. मापाऱ्यानं हौदात पाणी ओतायचं नाही असा नियम होता, म्हणजे माप खरं राहतं. त्यामुळे भिवराचं घर त्या एकशे साठांत धरलेलं नव्हतं; त्याला घागर माफ होती. गावात तेवढ्याच एका घराच्या उंबऱ्याला ओल नसायची.

पहिल्या दिवशी दौलूनं तिला शिकवलं होतं. “काठी उभी धरायची. तळाला टेकवायची. वर काढायची. आणि छातीतून ओरडायचं. शेवटच्या घराला ऐकू गेलं पाहिजे.”

“आणि बघायचं कुठं, बा?”

“बघायला काय आहे? एक बोटच असतं.”

भिवरानं चार वर्षं काठी बुडवली आणि चार वर्षं ओरडली. आवाज खणखणीत होता. लोक कौतुक करायचे. एकदाही तिनं काठीकडे बघितलं नाही.

मग पौषातली एक सकाळ आली. इतकं धुकं पडलं होतं की राजवाड्याचा कळस दिसत नव्हता. भिवरा ओरडून पायऱ्या उतरत होती. वाटेत शेजारची सगुणाआत्या भेटली. सगुणाला मागेपुढे कोणी नव्हतं. उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. डोक्यावर घागर, एक हात कातळाला टेकलेला, आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ती चढत होती. या महिन्यात तिची घागर दोनदा चुकली होती.

“भिवरे,” ती धापा टाकत म्हणाली, “सूर्य उठला का गं?”

“कुठला उठतोय, आत्या? बघ ना, धुकं किती आहे.”

“मग एक बोट पाणी कोण पिऊन गेलं?”

भिवरा हसली. सगुणा हसली नाही.

“वैशाखात एक बोट. पौषात एक बोट. आषाढात तर दिसतसुद्धा नाही मेला, तरी एक बोट. माणसाची तहान कमीजास्त होते. याची होत नाही. तुझ्या हातात काठी आहे बाई, तुला ठाऊक असणार.” आणि ती पुढची पायरी चढली.

भिवरा तिथंच उभी राहिली. तिला राग आला. सगुणाचा राग आला, कारण आपल्याला ठाऊक नाही हे तिनं ओळखलं होतं. असा राग फार वेळ दुसऱ्यावर टिकत नाही. घरी पोचेपर्यंत तो स्वतःवर वळला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं काठी वर काढली आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. काठीवर बोटाबोटाच्या अंतरावर खाचा होत्या. सगळ्यात वरची खाच हौद काठोकाठ भरल्याची. ओल त्या खाचेच्या जेमतेम खाली होती. नखाएवढी. भिवरानं काठी पुसली, परत बुडवली. परत नखाएवढीच.

खाली सगळं गाव कान देऊन उभं होतं.

“एक बोट!” ती ओरडली. सवय होती, तोंडातून गेलं.

काठीवरच्या नखाएवढ्या ओलीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे तिला कळत होतं. हौद रोज भरला जायचा, त्यामुळे एका दिवसाच्या वर तिथं मापताही येत नव्हतं. मग तिनं घरातलं तांब्याचं घंगाळ उचललं, हौदाच्या कठड्याला लागून उघड्यावर ठेवलं, काठाच्या थोडं खालपर्यंत भरलं आणि आतून पाण्याच्या पातळीवर कोळशानं रेघ ओढली. हौदावरचं ऊन तेच घंगाळावर. हौदावरचा वारा तोच घंगाळावर. कावळ्यांनी चोच घालू नये म्हणून तिनं भोवती बाभळीचे काटे रचले.

पहाऱ्यावरचा शिपाई हसून लोटपोट झाला. “काय गं मापारणी, घंगाळाची राखण? पळून जाईल होय पाणी?”

“तेच बघतेय,” भिवरा म्हणाली.

पहिल्या दिवशी पाणी रेघेखाली उतरलंसं वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी थोडं. पाचव्या दिवशी सकाळी तिनं रेघेखाली बोट आडवं धरलं. पाणी बरोबर बोटाच्या खालच्या कडेला लागलं होतं. एक बोट उतरायला पाच दिवस लागले होते. आणि घंगाळ तर तांब्याचं. चहूबाजूंनी तापतं, त्यातलं पाणी हौदापेक्षा थोडं लवकरच उडायला हवं. म्हणजे हौदातलं याहून जास्त उडणं शक्य नव्हतं.

त्या दुपारी ती हौदाजवळच खडे मांडून बसली. पावकी-निमकीचे पाढे तिला बापानंच शिकवलेले. चोवीस हात लांब, वीस हात रुंद. चोवीस बोटांचा एक हात. एवढ्या हौदातून एक बोट पाणी गेलं, तर हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल असे वीस खड्डे भरतील इतकं पाणी होतं. अशा एका खड्ड्यात आठ घागरी मावतात. वीस आठे एकशे साठ. एकशे साठ घागरी. जुन्या माणसांचा हिशेब चोख होता. फक्त ज्या बोटावरून तो सुरू केला तेच खोटं होतं. पौषात रोज जातं बोटाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. म्हणजे बत्तीस घागरी.

गाव रोज एकशे साठ ओतत होतं.

मग एकशे अठ्ठावीस घागरी जातात कुठं? हौद तर कधी कठड्यावरून सांडलेला कोणी पाहिला नव्हता. भिवरा उठली आणि हौदाच्या पलीकडच्या बाजूला गेली, जिकडे लोक कधी जात नसत. लोक पूर्वेच्या पायऱ्यांवर घागर ओतायचे आणि घाईनं खाली उतरायचे, कारण घरची घागर अजून भरायची असायची. पश्चिमेच्या भिंतीत, काठोकाठच्या खाचेच्या बरोबरीनं, दगडी गोमुख होतं. पावसाळ्यात हौद फुगला तर जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून ते केलेलं. पौष होता, आभाळात ढग नव्हता, आणि गोमुखातून मनगटाएवढी धार पडत होती. धार पाटात, पाट भिंतीपलीकडे, आणि भिंतीपलीकडे कारभारी रायाजीरावांची केळीची बाग.

ती बाग गावातल्या प्रत्येकानं खालून पाहिलेली होती. सगळा डोंगर करपलेला आणि मध्ये तो एक हिरवा चौकोन. लोक म्हणायचे, कारभाऱ्यांच्या हाताला गुण आहे.

संध्याकाळी दौलू ओट्यावर बसला होता. भिवरानं त्याच्या समोर काठी टाकली. आवाजावरून त्यानं ओळखलं.

“बा, एक बोट पहिल्यांदा कोणी मापलं?”

“माझ्या आजानं.”

“कधी?”

दौलूनं चाचपडत काठी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाला, “थोरल्या महाराजांचं लग्न होतं. वैशाखातलं. वऱ्हाडातली चाळीस माणसं हौदात उतरली होती. आणि नवरदेवाचा हत्तीही उतरवला होता म्हणे, हौसेनं. त्यानं सोंडेनं सगळ्या अंगणाला आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी आजानं मापलं. एक बोट उतरलं होतं. महाराजांनी विचारलं, कुठं गेलं? आता लग्नघरी हत्तीचं नाव कोण घेणार? आजा म्हणाला, सूर्य प्याला.”

“आणि दुसऱ्या दिवशी परत मापलं नाही?”

“दुसऱ्या दिवशी दगड कोरायला घेतला होता.”

“तुला हे ठाऊक होतं.”

“बापानं मरताना सांगितलं होतं.”

“म्हणजे तुझे डोळे होते तेव्हापासून ठाऊक होतं!” भिवराचा आवाज चढला. “त्या लग्नाला साठ वर्षं झाली. आणि गाव अजून त्या हत्तीच्या सोंडेचं पाणी भरतंय!”

“हळू बोल. घराला घागर माफ आहे. तुझी आई घागर घेऊन त्या पायऱ्या चढली नाही कधी. तूही घागर घेऊन चढली नाहीस. मी कोणासाठी गप्प बसलो?”

“आमच्यासाठी?” ती म्हणाली. “आमच्या नावावर खपवू नकोस, बा.”

दौलूनं अंधूक डोळे दुसरीकडे वळवले. “आता माझ्यानं काय होणार? मला दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलूनं दार अडवून धरलं. “आज एकदा ओरड. मग विचार करून काय ते ठरवू.” भिवरा गेली आणि ओरडली, “एक बोट!” आपण फक्त एका दिवसाची सवड घेतोय असं तिनं मनाला बजावलं.

त्याच दिवशी सगुणा दोनशेव्या पायरीवर पडली. मातीची घागर फुटली. पाणी पायऱ्यांवरून खाली वाहत आलं, ते लोकांनी पाहिलं, आणि त्याला ओलांडून लोक वर चढत राहिले. थांबलं तर आपली घागर चुकली असती. भानू कुंभारानं तेवढा तिला हात देऊन उठवलं.

तिसरी चूक झाली होती. शिपायानं तिच्या दारावर कोळशानं फुली मारली. उद्या सकाळी दोर कापणार.

एका दिवसाच्या सवडीची किंमत भिवराच्या डोळ्यांसमोर लंगडत घरी गेली.

दुपारी कारभारी रायाजीरावांनी भिवराला बोलावून घेतलं. घंगाळाची बातमी शिपायानं पोचवली होती. कारभारी केळीच्या सावलीत बसले होते. आवाज गोड होता.

“ये पोरी. बस. खेळ चांगला मांडलायस. पण घंगाळ केवढं, हौद केवढा! मोठ्याला मोठी तहान असते.”

“मोठ्यातून घागरी जास्त जातात, कारभारी. बोट तेवढंच उतरतं. ताटातलं आणि परातीतलं पाणी शेजारी ठेवून बघा.”

“घंगाळात राजे पोहत नाहीत.”

“राजांच्या अंगाबरोबर दोन घागरी बाहेर येतात. चार धरा. एकशे अठ्ठावीस येत नाहीत.” तिनं पाटाकडे बघितलं. “त्या इथं येतात.”

कारभाऱ्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी केळीचं एक पिवळं पान तोडलं आणि शांतपणे त्याच्या चिंध्या करत राहिले.

“मी चोरी केली का? मी हौद फोडला? रात्री घागरी पळवल्या? पाणी आपल्या पायानं येतं. मी फक्त त्याला हाकलून दिलं नाही. आणि आकडा कोण ओरडतं रोज? मी? गावानं कोणाचा आवाज ऐकलाय चार वर्षं?” ते पुढे वाकले. “उद्या तू खरं सांगशील. बरं. मग लोक विचारतील, बाई, इतके दिवस काय करत होतीस? माझ्या बागेपर्यंत कोणी यायच्या आधी तुझ्या घरापर्यंत येतील. विचार कर. तुझा बाप आंधळा आहे. पायऱ्या तीनशे बारा आहेत.”

भिवरा बाहेर आली. कारभारी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. शेवटचं सगळं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. शिपाई कोयता घेऊन विहिरीवर उभा होता. सगुणा आपल्या दोराला हात लावून बसली होती, जशी कोणी आजारी माणसाजवळ बसतं. वर भिवरानं काठी बुडवली, वर काढली, बघितली.

“पाचवा हिस्सा!” ती ओरडली. “बोटाचा पाचवा हिस्सा! पाचवा हिस्साच!”

खाली दोर हातातच राहिले. साठ वर्षांत ही आरोळी कोणी ऐकली नव्हती. थोड्या वेळानं लोक पायऱ्या चढू लागले, डोक्यावर काही न घेता. कित्येकांना कळेना, रिकाम्या हातांचं करायचं काय.

भिवरानं सगळं सांगितलं. हत्ती, दगड, घंगाळ, गोमुख. आणि शेवटी म्हणाली, “चार वर्षं मी न बघता ओरडले. मग काही दिवस बघून ओरडले. काल ठाऊक असून ओरडले. सगुणाआत्या काल पडली ती माझ्या आवाजावर पडली.”

मग कारभारी म्हणाले होते तसंच झालं.

“आमचे गुडघे भरून दे मग!” एक बाई किंचाळली.

“घरात बसून कोरडी राहिलीस, मापारणी!”

“हिचाच दोर कापा!”

भानू कुंभार गर्दीतून पुढे आला. “अरे, माझं बघा. फुटल्या घागरींवर माझं चाक साठ वर्षं फिरतंय. माझ्या आजापासून. मी कधी विचारलं का, की बाबांनो एवढ्या फुटतात कशाला? नाही. नवी घागर दिली आणि गप्प बसलो. मलाही बोला दोन शब्द.”

गर्दी थोडी निवली. तेवढ्यात राजे हौदातून बाहेर आले. अंग निथळत होतं. सकाळी पोहताना गलका झालेला त्यांना आवडायचा नाही.

“काय चाललंय?”

“महाराज,” भिवरा म्हणाली, “पाच दिवस हौदात कोणी पाणी ओतणार नाही. पाच दिवसांत तुमच्या पोहण्यासकट एका बोटाहून जास्त उतरलं, तर माझा दोर कापा. तोवर सगुणाआत्याचा दोर राहू दे.”

राजांनी विचार केला. “पाच दिवस मला पोहता येईल ना?”

“येईल.”

“मग चालेल,” राजे म्हणाले आणि कपडे करायला गेले.

राजांच्या दृष्टीनं एवढाच प्रश्न होता. सगळ्या गावाचे गुडघे एका बाजूला, आणि पोहता येईल ना हा प्रश्न दुसऱ्या बाजूला. अशा माणसांच्या होकारावरही गावं जगतात, याची चीड यावी तितकी थोडी.

गाव पाळीपाळीनं हौदाभोवती बसलं. दिवसाही, रात्रीही. कोणी भरू नये आणि कोणी उपसू नये. पहिल्याच दिवशी गोमुखातली धार बंद पडली. खाली मात्र एक गंमत झाली: दोन्ही घागरी घरच्या. भरपौषात मुलांना आंघोळी घातल्या गेल्या. मुलं बोंबलली.

दुसऱ्या दिवशी केळीची पानं मिटली. तिसऱ्या दिवशी ती लोंबली. चौथ्या दिवशी कारभाऱ्यांचे माळी घागरी घेऊन विहिरीवर आले.

“काय रे,” सगुणा आपल्या दोराजवळून म्हणाली, “कारभाऱ्यांच्या हाताचा गुण कुठं गेला?”

पाचव्या दिवशी अख्खं गाव हौदावर होतं. राजे पोहून आले होते. भिवरानं काठी बुडवली, वर काढली आणि ती न बघता खाली उतरली. गर्दीत दौलू उभा होता. तिनं काठी त्याच्या हातात दिली.

“सांग, बा.”

“मला दिसत नाही, पोरी.”

“बोट आहे ना?”

दौलूनं चाचपडत सगळ्यात वरची खाच शोधली. तिथून त्याचं बोट खाली सरकलं. कोरडं. कोरडं. मग ओल लागली. दुसऱ्या खाचेवर, बरोबर तिथं. त्यानं परत एकदा तसंच केलं. तिसऱ्यांदा केलं. त्याला काठी सोडवेना. डोळे गेल्यापासून जे दिसत नाही म्हणून तो सांगत आला होता, ते बोटाला पहिल्याच दिवसापासून कळलं असतं.

“एक बोट,” तो म्हणाला. ओरडायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटला. “पाच दिवसांत एक बोट.”

कोणी जयजयकार केला नाही. अकरा घरं गाव सोडून गेली होती, त्यांची नावं कोणीतरी हळूहळू घ्यायला लागलं. आणि मग गर्दी बागेच्या भिंतीकडे वळली.

राजे अस्वस्थ झाले. “मला कसं कळणार? मला कोणी सांगितलंच नाही.”

“महाराज,” भिवरा म्हणाली, “गाव खालून पाणी आणत होतं. तुम्ही त्या पाण्यात होतात. ते कठड्यापासून किती खाली आहे, हे रोज सकाळी तुमच्या हनुवटीला कळत होतं.”

राजांनी हनुवटीवरून हात फिरवला. आपण न्यायी दिसावं असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, “पाथरवटाला बोलवा. दगडावर ‘एक बोट’ खोडा, ‘पाचवा हिस्सा’ कोरा.”

लोक खूश झाले. भिवरा नाही झाली. ती इतकी चिडली की तिनं दगडावरच पाय दिला.

“परत दगड? वैशाखात अर्धं बोट जाईल, तेव्हा तुम्ही म्हणाल हौद आटला. आषाढात काहीच जाणार नाही, तेव्हा आम्ही परत गोमुखातून बाग भिजवू! दगडाला ऊन कळतं का? वारा कळतो? काही कोरू नका. रोज काठी बुडवा आणि रोज बघा. आणि एकानं नाही. प्रत्येक घरानं पाळी घ्यावी. ज्याच्या घरून घागर जाते त्यानंच मापावं.”

दगड उचलून भानूच्या भट्टीशी नेऊन टाकला. गोमुखाला फळी बसली, ती फक्त पावसाळ्यात काढायची. पौषात रोज बत्तीस घागरी ठरल्या, साधारण पाच दिवसांतून एका घराची एकदा. राजवाड्याचंही एक घर धरलं आणि कारभाऱ्यांचंही. कारभारी मात्र कारभारीच राहिले. नवा शोधायचा राजांना कंटाळा होता. पण आपल्या पाळीला रायाजीराव घागर घेऊन चढायचे, दर दहा पायऱ्यांवर बसायचे, आणि वरून उतरणाऱ्या बायका त्यांना वाट देताना अदबीनं विचारायच्या, “पाणी आपल्या पायानं येत नाही का, कारभारी?”

भिवरा मापारीण राहिली नाही. त्यामुळे तिला पाणी ओतायची मोकळीक मिळाली. ती आपल्या घरची घागर न्यायची आणि दुसरी सगुणाची. पहिल्या दिवशी दीडशेव्या पायरीवर तिचे पाय भरून आले आणि ती रडली. दमल्यामुळे थोडी, बाकी रागानं. चार वर्षं ती याच पायऱ्या रोज चढली होती, पण डोक्यावर काही न घेता.

एका पहाटे धुकं फार होतं. सगुणा ओट्यावर गुडघा शेकत बसली होती. भिवरा घागर उचलून निघाली, तेव्हा सगुणानं विचारलं, “आज सूर्य किती प्याला गं?”

भिवराच्या ओठावर जुना शब्द आला होता. तो तिनं गिळला.

“बघून सांगते, आत्या,” ती म्हणाली, आणि पायऱ्या चढू लागली.

तात्पर्य: खोटं माप एकदाच कोणीतरी सांगतं; पुढे ते टिकतं, न बघता रोज तेच सांगणाऱ्यांच्या जोरावर. म्हणून ज्याच्या हातात माप आहे त्यानं आधी बघावं, मग बोलावं, आणि आपल्या घराची घागर माफ आहे एवढ्यासाठी गप्प बसू नये.